गुलाबी अळीची लांब झोप

भिवंडीत कापूस पिकत नाही. कोकणातला पाऊस कपाशीला मानवत नाही. इथल्या खाचरांत भात होतो. तरीही हे गाव कापसावर वाढले. १८५७ नंतर उत्तर हिंदुस्थानातून आलेल्या मोमीन विणकरांनी इथे हातमाग टाकले, १९३० च्या दशकापासून यंत्रमाग आले आणि पुढे मागांची खटखट हीच गावाची ओळख झाली. आता मागांवर पॉलिस्टरही भरपूर चढते, पण ताणा कशाला म्हणतात आणि बाणा कशाला, हे इथल्या मुलांना शिकवावे लागत नाही. सूत कुठून येते असे विचारले तर उत्तर येते, 'मिलमधून'. आणि मिलमध्ये? तिथे वर्ग गप्प होतो.

म्हणून एका वर्षी फेब्रुवारीत आम्ही कापसाची बोंडे वर्गात न्यायचे ठरवले. बोंडे काही मिळाली नाहीत, मिळाली ती सरकी. आसपास म्हशींचे गोठे असल्यामुळे पेंडीच्या दुकानात ती असतेच. अर्धा किलो सरकी वर्तमानपत्रावर पसरली आणि मुलांना सांगितले, एकमेकींना घट्ट चिकटलेल्या दोन सरक्या दिसल्या तर बाजूला काढा. तास संपेपर्यंत मूठभरसुद्धा निघाल्या नाहीत, पण निघाल्या. टाचणीने त्या जोड्या सोडवल्या. बहुतेक आतून कोरून पोकळ झालेल्या होत्या. एका जोडीत मात्र रेशमाच्या पातळ अस्तरात सेंटीमीटरभर लांबीची गुलाबी अळी वाकून पडलेली होती.

"मेलीय का झोपलीय?" एका मुलीने विचारले. टाचणीचे टोक हलकेच लावल्यावर अळीने डोके हलवले.

(हा प्रयोग करायचा असेल तर गुरांसाठी विकली जाणारी सरकीच घ्यावी. पेरणीच्या पाकिटातल्या बियाण्याला विषारी औषध चोळलेले असते. ते मुलांच्या हाती देऊ नये.)

ही अळी म्हणजे गुलाबी बोंडअळी, शास्त्रीय नाव पेक्टिनोफोरा गॉसिपिएला. तिचा पतंग इतका साधा असतो की दिव्यावर आला तरी कोणी दुसऱ्यांदा पाहणार नाही. लांबी जेमतेम आठ-नऊ मिलीमीटर, पंख पसरले तर दीड-दोन सेंटीमीटर. पुढचे पंख मातकट तपकिरी, त्यांवर काळसर ठिपके. मागचे पंख रुपेरी करडे आणि कडेला लांब केसांची झालर. दिवसा तो पाल्यापाचोळ्यात किंवा जमिनीच्या भेगेत दडतो, रात्री उडतो. मादी कपाशीच्या पात्यांवर, फुलांवर, कोवळ्या बोंडांवर एकेकटी किंवा चार-पाच मिळून अंडी घालते. अंडे अर्धा मिलीमीटर लांब, आधी पांढरट, फुटायच्या वेळी लालसर. चार-पाच दिवसांत त्यातून निघणारी अळी पांढरी असते, डोके तेवढे काळपट. गुलाबी रंग नंतर चढतो.

अळी फुलात शिरली तर पाकळ्या आतून रेशमाने शिवून टाकते. फूल उमलत नाही, गुलाबाच्या अर्धवट कळीसारखे दिसते. शेतकरी त्याला डोमकळी म्हणतात. बोंडात शिरली तर काम आणखी चोख. शिरताना पडलेले भोक टाचणीच्या टोकाएवढे. बोंड वाढू लागले की ते बुजून जाते. बाहेरून बोंड हिरवेगार आणि निरोगी, आत अळी एका सरकीतून दुसरीत जात असते. हिरवी बोंडे तोडून चिरून पाहिल्याशिवाय तिचा पत्ता लागत नाही. दहा-पंधरा दिवसांत चार टप्प्यांत वाढून ती बोंडाला गोल भोक पाडते, जमिनीवर पडते, मातीत किंवा पाचोळ्यात कोष करते, आणि आठवड्याभरात नवा पतंग. असा महिन्याभराचा फेरा. एका हंगामात चार ते सहा पिढ्या.

आपण फळ्यावर अंडी, अळी, कोष, पतंग असे चार बाण काढून वर्तुळ पूर्ण करतो. आम्हीही वर्षानुवर्षे तसेच काढत आलो. या पतंगाच्या बाबतीत ते वर्तुळ अर्धेच खरे आहे. हंगाम सरत आला, दिवस लहान झाले, रात्री गार होऊ लागल्या की शेवटच्या पिढीतल्या पूर्ण वाढलेल्या बऱ्याच अळ्या कोष करतच नाहीत. दोन पोखरलेल्या सरक्या रेशमाने शिवून त्या पोकळीत पडून राहतात. खाणे बंद, हालचाल जवळजवळ बंद, श्वसन मंद. याला सुप्तावस्था म्हणतात. ती काही महिने टिकते. वेळप्रसंगी वर्ष-दोन वर्षेसुद्धा. ऊब आणि ओलावा मिळाला की अळी कोष करते आणि वर्तुळ पुन्हा फिरू लागते.

म्हणजे बाणांच्या वर्तुळात अळीपाशी एक थांबा काढायला हवा. आणि तो थांबा नेमका कुठे आहे? माणूस जपून ठेवतो, विकतो, जहाजात भरतो आणि पुन्हा पेरतो त्या बियाण्यात. या किडीचा इतिहास कळायला एवढे पुरे आहे.

तिची पहिली शास्त्रीय नोंद मुंबई इलाख्यातली आहे, भडोचची. १८४० च्या सुमारास ईस्ट इंडिया कंपनीला लँकेशायरच्या गिरण्यांसाठी लांब धाग्याचा अमेरिकन कापूस हिंदुस्थानात पिकवायचा होता. त्यासाठी अमेरिकेतून लागवडदार आणले गेले, सरकारी मळे काढले गेले. भडोचच्या मळ्यांचे प्रमुख डॉ. बार्न यांनी १८४२ साली किडलेल्या बोंडांतली कीड लंडनला पाठवली. तिथे विल्यम विल्सन साँडर्स यांनी १८४३ साली तिचे वर्णन केले आणि 'डिप्रेसारिया गॉसिपिएला' असे नाव दिले. (साँडर्स पेशाने लॉइड्सचे विमेकरी होते, जहाजांचा विमा उतरवणारे. या किडीने पुढे कसा प्रवास केला ते पाहता हा योगायोग गमतीचा वाटतो.) बार्न यांनी कळवलेली हकीकत नेमकी आहे. मादी फूल असतानाच अंडे घालते, अळी सरकी खाते, बोंड फुटण्याच्या सुमारास गोल भोक पाडून बाहेर पडते, जमिनीत इंचभर शिरून पातळ कोष विणते. वर्णन आहे ते छोट्या फेऱ्याचे. शिवाय त्यांनी एक निरीक्षण नोंदवले: हलक्या गाळाच्या जमिनीतल्या अमेरिकन कपाशीचे या किडीने फार नुकसान केले, काळ्या जमिनीतल्या कपाशीला ती शिवली नाही, आणि देशी कपाशीला तिचा उपद्रव कधीमधी होतो. ही नोंद लक्षात ठेवू या.

कीड मूळची इथलीच की आणखी पूर्वेकडची, यावर मतभेद आहेत. तिचे सख्खे भाऊबंद ऑस्ट्रेलियाकडे सापडतात, त्यावरून काही जण तिचे मूळ तिकडे नेतात. काहीही असो, पुढची साठ वर्षे ती हिंदुस्थानातल्या कपाशीवर होती आणि जगाला तिची फारशी फिकीर नव्हती.

मग १९०६ साल उजाडले. अमेरिकेतल्या कपाशीला तेव्हा मेक्सिकोतून आलेल्या सोंड्या भुंग्याने हैराण केले होते. तो इकडे येऊ नये म्हणून हिंदुस्थान सरकारने त्या वर्षी आयात होणाऱ्या कापसाच्या गाठींना विषारी धुरी देणे सक्तीचे केले. आपल्याकडचे हे संगरोधाचे पहिले मोठे पाऊल. १९१४ चा विध्वंसक कीटक कायदा त्यानंतरचा. बंदरातून आत येणाऱ्या गाठींवर असा पहारा बसला. आणि बाहेर जाणाऱ्या? नेमक्या त्याच सुमारास, १९०६-०७ मध्ये, हिंदुस्थानातून काही गाठी इजिप्तला गेल्या. त्या कापसातली सरकी नीट काढलेली नव्हती. त्या सरकीतून गुलाबी अळी नाईलच्या खोऱ्यात पोचली, असे मानले जाते. धुरी देणाऱ्यांना दोष देण्यात अर्थ नाही. दुसऱ्याची कीड आपल्याकडे येऊ नये ही काळजी सगळेच घेतात; आपली दुसऱ्याकडे जाऊ नये, असे कुणाला सुचते?

इजिप्तचा कापूस जगात नावाजलेला, म्हणून त्याच्या बियाण्यालाही मागणी. १९११ साली मेक्सिकोने इजिप्तचे बियाणे आणले. ब्राझीलनेही त्याच काळात आणले. मेक्सिकोत कीड लक्षात आली ती १९१६ साली, तोवर ती स्थिरावली होती. १९१७ च्या सप्टेंबरात ती अमेरिकेच्या टेक्सास राज्यात हर्न या गावी सापडली. शेताजवळ तेलाची गिरणी होती आणि त्या गिरणीत मेक्सिकोची सरकी आलेली होती. भडोच, अलेक्झांड्रिया, मेक्सिको, टेक्सास. दीड सेंटीमीटर पंखांचा पतंग एवढे अंतर उडून गेलेला नाही; झोपलेली अळी गेली, तिकीट आपण काढून दिले.

ही झोप ओळखण्याचे काम याच काळात झाले. ऑगस्ट बुस्क या अमेरिकी कीटकतज्ज्ञाने हवाईत जाऊन या किडीचा बारकाईने अभ्यास केला आणि १९१७ साली पेक्टिनोफोरा हे आजचे प्रजातिनाम दिले. इजिप्तमध्ये जिनिंग कारखान्यांत सरकी गरम हवेतून काढण्याची यंत्रे बसवली गेली. बी जगेल पण अळी मरेल, अशा बेताने तापमान राखायचे, एवढीच त्यातली कल्पना. आपल्याकडे बियाणे उन्हाळ्याच्या कडक उन्हात पातळ पसरून वाळवण्याचा सल्ला दिला जात असे, त्यामागचे तत्त्व हेच. टेक्सासमध्ये काही पट्ट्यांत कापूस लावण्यावरच बंदी घातली गेली. मद्रास इलाख्यात १९१९ साली पिकांवरील किडी-रोगांसाठी कायदा झाला आणि त्याखाली कोइमतूरकडे ठरलेल्या तारखेच्या आत कपाशीची झाडे उपटणे शेतकऱ्यावर बंधनकारक झाले.

या उपायांत एक शहाणपण होते. बोंडातल्या अळीशी कोणी लढायला जात नव्हते. तिला जागाच मिळू नये, सुप्तावस्थेतून उठली तर खायला मिळू नये, असा डाव होता. कारण जूनमध्ये पहिल्या ओलीबरोबर सरकीतून वा मातीतून निघालेल्या पतंगाला पाते किंवा फूल सापडले नाही तर तो अंडी उपयोगी न घालता मरतो. कीटकशास्त्रज्ञ याला 'आत्मघाती' बाहेर पडणे म्हणतात. शेत चार-पाच महिने कपाशीविना राहिले तर बहुतेक पतंगांची हीच गत होते.

पुढे रासायनिक फवारण्यांचे युग आले. ते आपण भराभर ओलांडू. फवारा बोंडाच्या आत पोचत नाही, ही त्यातली मूळ अडचण. १९७३ साली मादीचा कामगंध ओळखला गेला. त्यात एकाच साखळीचे दोन भाऊबंद रेणू जवळपास निम्मे-निम्मे असतात. 'गॉसिप्लूर' असे त्याचे नाव. त्याच्या रबरी गुटख्या लावलेले सापळे आज विदर्भ-खानदेशातल्या शेतांत दिसतात. सलग तीन रात्री सापळ्यामागे रोज आठ नर सापडले तर धोक्याची घंटा समजायची.

आणि मग २००२. त्या वर्षी २६ मार्चला भारतात बीटी कापसाला परवानगी मिळाली. बॅसिलस थुरिंजिएन्सिस या मातीतल्या जिवाणूचे विष बनवणारे जनुक कपाशीत घातले की झाडाच्या प्रत्येक भागात ते विष तयार होते; अळीने बोंड कुरतडले की ती मरते. फवारा पोचत नव्हता तिथे विष आधीच हजर. २००६ साली दोन विषे असलेले वाण आले. काही वर्षे गुलाबी अळी जवळजवळ विसरली गेली. कृषी खात्यातल्या तरुण मंडळींनी ती प्रत्यक्ष पाहिलेलीही नव्हती. हे यश खरे होते, ते नाकारायचे कारण नाही.

२०१० साली बियाणे कंपनीनेच जाहीर केले की गुजरातच्या अमरेली, भावनगर, जुनागढ आणि राजकोट जिल्ह्यांत पहिल्या विषाला गुलाबी अळी दाद देत नाही. २०१४-१५ च्या सुमारास दोन विषांच्या वाणांवरही गुजरातेत जिवंत अळ्या मिळू लागल्या. २०१७ च्या खरिपात महाराष्ट्रात हाहाकार उडाला. बोंड फोडावे तर आत डागाळलेली, कुजकी कवडी. त्याच वर्षी यवतमाळ जिल्ह्यात उंच वाढलेल्या कपाशीत कीटकनाशकांची मिश्रणे फवारताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-मजूर दगावले. ती फवारणी एकट्या गुलाबी अळीसाठी नव्हती, रसशोषक किडीही होत्या. पण फवाऱ्याखाली गेलेल्या माणसांना त्या फरकाने काय मिळणार होते?

प्रतिकार इथेच एवढ्या लवकर का आला? या प्रश्नापाशी जरा थांबावे असे आम्हाला वाटते, कारण याचे एक उत्तर शाळेच्या पुस्तकात आहे. अमेरिका, ऑस्ट्रेलिया या देशांत बीटी कापूस मुख्यतः सरळ वाणाच्या रूपात लावला गेला. भारतात तो संकरित बियाण्यात आला. संकरित झाडात विषाचे प्रत्येक जनुक एकाच पालकाकडून आलेले असले, तर त्या झाडाच्या बोंडातल्या सरक्या म्हणजे पुढची पिढी. मेंडेलच्या वाटाण्यांसारखीच त्यांची वाटणी होते: सोळांपैकी साधारण नऊ सरक्यांत दोन्ही विषे, तीनांत एक, तीनांत दुसरे, आणि एकीत काहीच नाही. बोंडात वाढणारी अळी एका सरकीतून दुसरीत जाते, हे आपण पाहिलेच. तिला कधी विषाचा पूर्ण घास मिळतो, कधी अर्धा, कधी नुसताच गोड दाणा. किंचित सहनशक्ती असलेल्या अळीला याहून सोयीची तालीम कोणती? ९:३:३:१ हे प्रमाण आपण मुलांना पाठ करायला लावतो; इथे ते बोंडाच्या आत बसले आहे.

दुसरे कारण बांधावरचे. प्रत्येक पाकिटाबरोबर साध्या, बीटी नसलेल्या कपाशीचे छोटे पाकीट दिले जात असे. ती कडेला लावायची, म्हणजे तिच्यावर विषाला बळी पडणारे पतंग वाढतील आणि त्यांचा संकर सोकावलेल्या पतंगांशी होऊन प्रतिकार पातळ होईल, असा हिशेब. बहुतेकांनी ते लावले नाही. चार-पाच एकरांच्या धन्याने मुद्दाम किडीसाठी ओळी राखाव्यात, ही अपेक्षा कागदावर ठीक दिसते.

तिसरे कारण फरदड. संकरित कपाशी लांब मुदतीची. पाणी असेल तर वेचणी संपल्यावरही पीक काढायचे नाही, पाणी-खत देऊन फेब्रुवारी-मार्चपर्यंत आणखी थोडा कापूस घ्यायचा, त्याला फरदड म्हणतात. शेतकऱ्याच्या हाती त्यातून चार पैसे येतात. गुलाबी अळीला त्यातून सलग बोंडे मिळतात आणि जूनपर्यंतचा उपवास आखूड होतो. जिनिंगच्या आवारात साचलेली सरकी आणि बांधावर रचून ठेवलेल्या पऱ्हाट्या, म्हणजे वाळलेली कपाशीची झाडे, हे तिचे आणखी दोन मुक्काम. १९१९ साली कायद्याने जे थांबवायचा प्रयत्न झाला, ते शंभर वर्षांनी आपण पुन्हा सुरू करून दिले होते.

आणि भडोचची ती जुनी नोंद? आज महाराष्ट्रात सुमारे चाळीस लाख हेक्टरांवर कपाशी असते आणि ती जवळपास सगळी अमेरिकन जातीच्या वंशातली संकरित. देशी कपाशी तुरळक उरली आहे.

अमेरिकेत मात्र या गोष्टीचा शेवट वेगळा झाला. तिथे बीटी वाण, कामगंध, ठरलेल्या तारखेला शेत नांगरून मोकळे करणे आणि विमानातून वांझ पतंग सोडणे हे सगळे एकाच वेळी, सगळ्या जिल्ह्यांत आणि सीमेपलीकडच्या उत्तर मेक्सिकोतही केले गेले. वांझ पतंग ओळखता यावेत म्हणून त्यांच्या अळ्यांच्या खाद्यात लाल रंग घालत. सापळ्यातला पतंग चिरडला की तो आपला की परका ते कळे. ऑक्टोबर २०१८ मध्ये, हर्ननंतर एकशे एक वर्षांनी, गुलाबी बोंडअळीचे तिथून उच्चाटन झाल्याचे जाहीर झाले. आपल्याकडे लाखो छोट्या शेतांत ते जसेच्या तसे जमेल असे आम्हाला वाटत नाही. पण झोपेच्या मुळावर घाव घालायच्या जुन्या युक्त्या २०१७ नंतर परत आल्या: डिसेंबरअखेर पीक काढा, फरदड घेऊ नका, आणि हंगामापूर्वी पेरणी होऊ नये म्हणून महाराष्ट्रात काही वर्षे बियाण्याची शेतकऱ्यांना विक्री एक जूननंतरच होऊ दिली जात असे. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेचा भर कमी मुदतीच्या वाणांवरही आहे.

आमच्या वर्गातल्या अळीचे काय झाले ते सांगायचे राहिले. ती जोड सरकी मुलांनी काचेच्या बरणीत ठेवली आणि तोंडाला मलमलीचा तुकडा बांधला, मागावरचाच. मार्च गेला, परीक्षा झाल्या, सुट्टी लागली. शिपाईमामांनी बरणी दोनदा फेकायला काढली होती, एकदा तर कचऱ्याच्या डब्यापर्यंत गेली होती. शाळा उघडली तेव्हा पाऊस सुरू झाला होता, कपाटातल्या हवेलाही ओल आली होती. जूनच्या शेवटच्या आठवड्यात एका सकाळी मलमलीला आतून एक मातकट पतंग चिकटलेला दिसला. मुलांनी भिंग आणून मागच्या पंखांची झालर पाहिली, ठिपके मोजायचा प्रयत्न केला. प्रश्न विचारणारी मुलगी तोवर पुढच्या वर्गात गेली होती. तिला बोलावून दाखवला. शाळेच्या आसपास कपाशीचे एकही पाते नव्हते. आठ-नऊ दिवस तो बरणीत होता, मग एका सकाळी तळाशी पडलेला आढळला.